मदत हवी आहे: बायोसची सेटिंग्ज पुसली गेली, विंडोज सुरू होत नाही (जुना डेस्कटॉप, बडोदे)

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याची, करेलीबागेत राहते. संगणकातलं मला वापरण्यापुरतंच कळतं, पण ही अडचण समजून घेऊन सोडवायची आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

यंत्र २०१२ साली जोडून घेतलेलं आहे. इंटेल कोअर आय३, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ७. हा माझ्या सासऱ्यांचा, नानांचा संगणक. नाना दांडिया बाजारात लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, मंडळांचे अहवाल असं मराठी टायपिंग करून द्यायचे. काम थांबवल्यावर त्यांनी आठ वर्षं खपून आमचा कुळवृत्तांत टाइप केला. ग्वाल्हेर, इंदूर, पुणे, सांगलीहून नातेवाइकांनी पाठवलेली टिपणं आणि वंशावळी एका ट्रंकेत होत्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं, तेव्हा मी आणि भाच्यानं मिळून कॅबिनेट उचलून वर नेलं. ट्रंक खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर उघडली तर आत नुसता लगदा. नाना त्याच्या आदल्या दिवाळीत गेले होते. म्हणजे आता तो सगळा मजकूर या एका डिस्कवर आहे.

कॅबिनेट तेव्हापासून चादरीत गुंडाळून वर पडून होतं, प्लग काढलेला. गेल्या आठवड्यात खाली आणून जोडलं. एक बीप वाजला आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आलं: सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड. खाली, एफ१ दाबून सेटअप, एफ२ दाबून पुढे चला. एफ२ दाबलं. विंडोजचं चिन्ह जुळायला लागतं, चारही रंग एकत्र येण्याआधी निळा पडदा डोळ्यांसमोरून जातो आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. हे अखंड चालू राहतं. भाच्यानं मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण केलं तेव्हा आकडा वाचता आला: शून्य, एक्स, मग सहा शून्यं आणि शेवटी ७बी.

दुरुस्तीच्या एका दुकानात नेलं. त्यांनी पाच मिनिटं बघितलं, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा, बोर्डावरचा मूळ प्रोग्राम) जाऊन ‘लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स’ केलं, तरी तेच. मग म्हणाले, डिस्क गेली, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो. मी कॅबिनेट उचलून परत घरी आणलं.

आणखी एक गोष्ट. दुकानात बाजूचा पत्रा काढला तेव्हा त्याच्या आतल्या अंगाला सेलोटेपनं चिकटवलेली नानांच्या अक्षरातली चिठ्ठी दिसली. वरचा भाग कसरीनं खाल्लाय. खाली एवढंच उरलंय: ‘...पी. पी. ३७८. बदलू नये.’ याचा काही संबंध असेल का?

माझे प्रश्न: डिस्क खरंच गेली का? बायोसमध्ये काय बदललं असेल, ते कसं ओळखायचं? आणि मी काही बदललं तर नानांच्या फायली पुसल्या जातील का? हे दहेजला नोकरीला असतात, शनिवारी येतात. त्याआधी मला निदान कळायला हवंय की काय करू नये. नवीन संगणक घ्या असं कृपया सांगू नका, ते टायपिंगचं सॉफ्टवेअर याच यंत्रावर चालतं.

तांब्याची तार:

ताई, आधी जे करू नये ते. फॉरमॅट नाही, नवीन विंडोज नाही. विंडोजनं आपणहून ‘स्टार्टअप रिपेअर’ विचारलं तर तेही आत्ता नको. आणि बायोस अपडेट करा असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. तुमच्या तक्रारीशी त्याचा संबंध नाही, आणि अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्डच बसेल.

डिस्क गेली असं मला वाटत नाही. विंडोजचं चिन्ह डिस्कवरूनच वाचलं जातं, म्हणजे सुरुवातीचा भाग नीट वाचला जातोय. ७बी चा अर्थ असा की विंडोज अर्ध्या वाटेवर आलं आणि ज्या डिस्कवरून ते उठतंय तीच त्याला सापडेना. डिस्क खराब असल्यावरही हे होऊ शकतं. पण सीमॉसचा (बायोसची सेटिंग्ज जिथे साठतात ती जागा) निरोप आणि ७बी एकाच दिवशी आले, तर माझं पहिलं बोट एसएटीए मोडकडे, म्हणजे बोर्ड डिस्कशी कसा बोलतो त्या सेटिंगकडे जाईल.

बोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा सेल असतो, सीआर२०३२. २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, म्हणून ते नाव. घड्याळ आणि तुमची सेटिंग्ज त्या सेलवर टिकतात. प्लग लावून भिंतीवरचं बटण चालू असतं तेव्हा एसएमपीएसकडून (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून) बोर्डला थोडी वीज मिळत राहते, संगणक बंद असला तरी. मग सेलवर भार पडत नाही. तुमचं कॅबिनेट वर्षभराहून जास्त काळ विनाप्लग होतं आणि सेल बारा वर्षांहून जुना. तो संपला, आणि बायोस कारखान्यातून आला तसा झाला. दुकानदारानं डिफॉल्ट्स लोड केले म्हणजे पुन्हा तेच केलं.

आता बायोसमध्ये जाऊन (सुरू होताना डिलीट दाबत राहा) तीन गोष्टी फक्त वाचा, बदलू नका: तारीख काय आहे, डिस्कचं नाव दिसतंय का, आणि एसएटीए मोडसमोर काय लिहिलंय. प्रत्येक पानाचा फोटो काढा.

धागाकर्ती:

तारीख १ जानेवारी २०११. डिस्कचं नाव आणि ५०० जीबी दोन्ही दिसतंय! एसएटीए मोड : आयडीई. तिथे एंटर दाबल्यावर आयडीई आणि एएचसीआय असे दोन पर्याय येतात. बाहेर पडताना ‘सेव्ह न करता’ निवडलं.

तांब्याची तार:

सापडलं असावं. यंत्र ज्यानं जोडलं त्यानं २०१२ मध्ये एएचसीआय लावून विंडोज टाकलं असणार. विंडोज ७ टाकताना जो मोड असतो त्याचाच ड्रायव्हर (डिस्कशी बोलणारा छोटा प्रोग्राम) ते सुरुवातीला लोड करतं, दुसऱ्याचा बंद ठेवतं. बोर्ड आयडीईवर गेला की विंडोजच्या हातात चुकीची किल्ली येते.

आयडीईचं एएचसीआय केल्यानं डिस्कवरचं काही पुसलं जात नाही. बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीनं बोलेल एवढंच ते ठरवतं. नाही चाललं तर परत आयडीई करता येतं. तरीही तुमच्या जागी मी असतो तर आधी डिस्क काढून फायलींची प्रत घेतली असती. बारा वर्षांहून जुनी डिस्क आहे आणि दुसरी प्रत कुठेच नाही.

सयाजीबाग:

डिस्क बाहेरून जोडायला एसएटीए ते यूएसबी केबल मिळते. घेताना एक बघा: डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क असेल तर केबलबरोबर वेगळा १२ व्होल्टचा अॅडॉप्टर हवा. लॅपटॉपच्या डिस्कची साधी केबल आणलीत तर डिस्क फिरणारच नाही, आणि मग पुन्हा कोणीतरी म्हणेल डिस्क गेली. लॅपटॉपनं ‘डिस्क फॉरमॅट करू का’ असं विचारलं तर नाही म्हणा.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. काल अॅडॉप्टरवाली केबल आणली. भाच्याच्या लॅपटॉपला जोडली तर डिस्क फिरायचा आवाज आला, मी अक्षरशः हात जोडले. नानांचं पूर्ण फोल्डर लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर उतरवलं. कुळवृत्तांताची फाईल उघडून पाहिली तर मात्र एक शब्द वाचता येत नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस. हे आधीपासून माहीत होतं. नानांचे फॉन्ट युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) आधीचे, त्यात इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचा तुकडा बसवलेला असतो. म्हणूनच त्यांचं यंत्र उठायला हवं.

सेल रावपुऱ्यातल्या घड्याळवाल्याकडे मिळाला. त्यांनी जुना मीटरवर लावून दाखवला, ३ व्होल्टच्या जागी जेमतेम १. प्लग काढून, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग सेल बदलला. अधिकचं चिन्ह वर. बाजूची चिमटी नखानं मागे केली की जुना सेल आपसूक वर येतो.

मग बायोस. आधी तारीख आणि वेळ. मग एसएटीए मोड एएचसीआय. एफ१०, सेव्ह. चारही रंग जुळले, निळा पडदा आला नाही आणि नानांचा डेस्कटॉप समोर आला. मागे न्यायमंदिराचा फोटो, त्यांनीच काढलेला. मला दोन मिनिटं काही सुचलं नाही.

पण काम पुरतं झालेलं नाही. टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की ‘हार्डवेअर लॉक सापडत नाही’ असा निरोप येऊन ते बंद होतं. लॉक, म्हणजे ज्याच्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही तो छोटा डबा, जागेवर आहे, मागच्या गुलाबी, पंचवीस भोकांच्या पोर्टात स्क्रूनं आवळलेलं. काढून, पुसून, पुन्हा लावलं. उपयोग नाही.

ग्वाल्हेरी:

मी इतके दिवस नुसतं वाचत होतो, आता लिहितो, कारण हे माझ्या वडिलांच्या प्रेसमध्ये भोगलंय. ते गुलाबी पोर्ट म्हणजे पॅरलल पोर्ट, एलपीटी. त्याचीही सेटिंग्ज बायोसमध्ये असतात आणि सेलबरोबर तीही गेली. पोर्टचा पत्ता साधारण ३७८ असतो. आणि त्याचे मोड: साधा म्हणजे एसपीपी, दुसरा ईपीपी, तिसरा ईसीपी. लॉक ज्या मोडमध्ये उत्तर देतं तो नसेल तर सॉफ्टवेअरला वाटतं लॉकच नाही.

तुमच्या नानांच्या चिठ्ठीत ‘पी. पी. ३७८’ आहे. ३७८ म्हणजे हा पत्ता. ‘पी. पी.’ च्या आधीचं अक्षर कसरीनं खाल्लंय, ते ‘एस’ असेल किंवा ‘ई’. ईसीपी नक्की नाही. बायोसमध्ये इंटिग्रेटेड पेरिफेरल्स किंवा सुपर आयओ अशा नावाच्या पानावर बघा. पोर्ट बंद असेल तर चालू करा, पत्ता ३७८ ठेवा आणि दोन्ही मोड एकेक करून बघा. लॉक काढायचं किंवा लावायचं झालं तर यंत्र पूर्ण बंद करूनच. ते पोर्ट यूएसबीसारखं चालू असताना हाताळायचं नसतं.

एक बरं केलंत, तारीख आधी लावलीत. लॉकवर चालणारी काही सॉफ्टवेअरं घड्याळ मागे गेलेलं दिसलं तरी अडून बसतात.

धागाकर्ती:

पोर्ट चालू होतं, पत्ता ३७८, मोड ईसीपी. एसपीपी केलं, तोच निरोप. ईपीपी केलं आणि सॉफ्टवेअर उघडलं.

नानांनी हे लिहून ठेवलं होतं. त्यांना कधीतरी हाच त्रास झाला असणार आणि पुन्हा कोणाला होऊ नये म्हणून पत्र्याच्या आतून चिठ्ठी लावली. घरात आम्हा कोणालाच त्याचा पत्ता नव्हता. मी सगळ्या पानांचे फोटो काढलेत आणि एका जाड कागदावर लिहून काढलंय: एसएटीए एएचसीआय, एलपीटी ईपीपी ३७८, सेल कधी बदलला ती तारीख. तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून त्यांच्या चिठ्ठीशेजारी लावला. त्यांची चिठ्ठी काढली नाही.

आता एक शेवटचं विचारते. ही फाईल या यंत्राबाहेर, मराठीतच, कशी नेऊ? इंटरनेट जोडू का?

तांब्याची तार:

इंटरनेट नको. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० पासून बंद आहेत. पेनड्राइव्हनं काम होतं तिथे जोखीम कशाला? आणि वापरत नसलात तरी आठवड्यातून एकदा प्लग लावून यंत्र चालू करत जा.

ग्वाल्हेरी:

दोन गोष्टी करा, दोन्ही हव्यात. पहिली, सॉफ्टवेअरमधून पूर्ण फाईलची पीडीएफ काढा, फॉन्ट आत बसवून. ती कुठेही जशीच्या तशी दिसेल आणि छापताही येईल. दुसरी, मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर. सॉफ्टवेअरमध्येच सोय असेल तर उत्तम, नसेल तर त्या फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर शोधावा लागेल. रूपांतर झाल्यावर पीडीएफ शेजारी ठेवून वाचायचं. रफार पुढच्या अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी घसरते, ‘श्र’ आणि ‘ज्ञ’ फुटतात. आडनावांमध्ये हे जास्त नडतं, कारण तिथे चुकलेलं आहे हे वाचणाऱ्याला कळत नाही. ‘कर्वे’ चं काहीही होऊ शकतं.

धागाकर्ती:

पीडीएफ निघाली. ३१२ पानं. ती आता चार ठिकाणी ठेवली आहे, त्यातली एक प्रत आजच ग्वाल्हेरच्या आत्यांना पाठवली, कारण त्यांच्याकडची टिपणं सगळ्यात आधी आली होती आणि तीच ट्रंकेत सगळ्यात खाली होती.

तासाभरात त्यांचा फोन आला. एकोणनव्वद वर्षांच्या आहेत, नातवाकडून मोबाइलवर मोठं करून वाचून घेतात. म्हणाल्या, नानानं माझ्या वडिलांचं ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं घर बरोबर लिहिलंय, पण धाकट्या काकूचं माहेरचं नाव राहिलंय. त्यांनी ते सांगितलं आणि दोनदा म्हणवून घेतलं. शनिवारी हे दहेजहून आले की दोघं मिळून युनिकोडचं बघू, आणि अडलो तर इथेच विचारेन. काकूंचं नाव मात्र आज रात्रीच नानांच्या फाईलमध्ये घालते आहे.