शब्दचर्चा : ‘कॉन्फिडन्स इंटरव्हल’ला ‘विश्वासांतर’ म्हणावं का?

धागाकर्ती :
जुन्नर भागातल्या कांदा उत्पादकांच्या एका गटासाठी अहवालाचं मराठी टिपण लिहिते आहे. आकडेमोड पुण्यात झाली, वाचणार तिकडचे शेतकरी. ठिबकमुळे एकरी उत्पादन किती वाढलं, एवढाच प्रश्न. उत्तर मात्र दोन मॉडेलांनी काढलंय. पहिल्यात ठिबक आहे की नाही एवढंच धरलंय, दुसऱ्यात जमिनीची खोली आणि लागवडीची तारीखही. आकडे इथे सोपे करून देते : पहिल्याचा अंदाज १४ क्विंटल, ६ ते २२ च्या दरम्यान, दुसऱ्याचा ९, म्हणजे ३ ते १५. आलेखात दोन ठिपके आणि प्रत्येकाच्या दोन्ही अंगांना आडवी रेघ. हाच ९५ टक्क्यांचा ‘कॉन्फिडन्स इंटरव्हल’, म्हणजे अंदाज किती मागेपुढे असू शकतो ते दाखवणारी रेघ.

त्या रेघेला मसुद्यात ‘विश्वासांतर’ म्हटलं होतं. गटातल्या एका काकांनी वाचून विचारलं, “विश्वास बदलला म्हणजे कुणाचा?” त्यांचं बरोबर आहे. धर्मांतर, स्थलांतर, वेषांतर, भाषांतर ही सगळी बदलाचीच कुळी. शिवाय मला पुढे ‘दोन अंदाजांमधलं अंतर’ही लिहायचंय. ‘विश्वासांतरांतील अंतर’ हे मलाच वाचवेना. दुसरा शब्द सुचवा.

प्रतिसाद :
नववीच्या गणितात ‘वर्गांतर’ आहे, पण तिथे तो शब्द वर्गाची, म्हणजे आकड्यांच्या एका गटाची, लांबी सांगतो आणि मुलांना तो शिकवला जातो. तुमच्या वाचकांपुढे शिकवायला कुणी नसेल. ‘विश्वास अंतराल’ हिंदीत ठीक. आपल्याकडे अंतराळ म्हटलं की एक तर यान, नाही तर देवळात सभामंडप आणि गाभारा यांच्या मधली जागा. ‘मध्यांतर’ तर नकोच, लोक चहाला उठतील असा तो शब्द आहे. मी सरळ ‘खात्रीचा पट्टा’ म्हणेन. पावसाचा पट्टा, उसाचा पट्टा हे शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातलं आहे.

दुसरा प्रतिसाद :
पट्टा चांगला, पण ‘खात्री’ला माझा ठाम विरोध आहे. हे नुसतं शब्दाचं भांडण नाही.

ही कल्पना संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी १९३७ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात असताना मांडली. (आपल्या फर्ग्युसनमधून पदवीधर झालेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे त्याच सुमारास तिथे शिकत होते, हे पुणेकरांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.) नेमन यांचे ९५ टक्के हातातल्या एका रेघेबद्दल नाहीत, रेघ काढायच्या रीतीबद्दल आहेत. असाच नमुना पुन्हा पुन्हा घेऊन दर वेळी रेघ काढली, तर शंभरातल्या साधारण ९५ रेघा खऱ्या आकड्याला पोटात घेतील. आजची रेघ त्यातली आहे की उरलेल्या पाचातली, हे ती रेघ सांगत नाही.

आता मराठीकडे बघा. खात्री आपण एका गोष्टीची करतो : गॅस बंद केल्याची, पैसे पोचल्याची. भरवसा माणसावर असतो. “आमच्या दूधवाल्याचा भरवसा आहे” म्हणजे आजचं दूध तपासलंय असं नव्हे, वर्षानुवर्षांची त्याची रीत चोख आहे. नेमन यांना हेच म्हणायचं होतं. म्हणून भरवसा.

पट्ट्याबद्दल एक अडचण. एखाद्या वक्राच्या वर-खाली जो रुंद भाग रंगवतात, त्यालाही पुढेमागे शब्द लागेल आणि पट्टा हा त्यालाच शोभतो. एका आकड्याच्या रेघेला ‘पट्टी’ म्हणा. सुरा-सुरी, गाडा-गाडी, तसं पट्टा-पट्टी.

धागाकर्ती :
‘भरवशाची पट्टी’! काकांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी लगेच विचारलं, “मग या दोन पट्ट्या एकमेकींवर चढल्यात, म्हणजे दोन्ही उत्तरं सारखीच ना?”

दुसरा प्रतिसाद :
हे मात्र टिपणात ठळक लिहा, इथे भलेभले चुकतात. पट्ट्या एकमेकींवर चढल्या म्हणजे फरक नाही, असं होत नाही. दोन अंदाज स्वतंत्र असतील आणि दोघांची प्रमाण त्रुटी (नमुना बदलला की अंदाज साधारण किती हलतो, त्याचं माप) सारखी असेल, तर ९५ टक्क्यांच्या पट्ट्या सुट्या दिसायला फरक त्या त्रुटीच्या ३.९२ पट लागतो. फरक दखलपात्र ठरायला मात्र २.७७ पट पुरतो. त्यामुळे नुसत्या नजरेने तुलना करायची असेल, तर काही जण सुमारे ८४ टक्क्यांच्या पट्ट्या काढतात.

पण तुमच्याकडे तेही चालणार नाही. दोन्ही मॉडेलं त्याच शेतांवर चालवलीत, अंदाज स्वतंत्र कुठे आहेत? ज्या नमुन्यात पहिला अंदाज वर जातो, त्यात बहुधा दुसराही वर जातो. म्हणून फरकाचीच वेगळी पट्टी काढा. शेतांच्या यादीतून चिठ्ठ्या उचलल्यासारखी शेतं निवडा, उचललेली चिठ्ठी परत टाकून, मूळ यादीइतकीच. त्यावर दोन्ही मॉडेलं चालवा, फरक टिपून ठेवा. असं दोनेक हजार वेळा. मग ते फरक चढत्या क्रमाने लावून दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के वगळा, उरते ती फरकाची पट्टी.

धागाकर्ती :
रात्री केलं. फरक ५ क्विंटल, भरवशाची पट्टी २ ते ८. वरच्या दोन पट्ट्या ६ ते १५ एकमेकींवर आहेत, तरीही फरकाची पट्टी शून्याला शिवत नाही! आलेख नव्याने काढला : वर दोन पट्ट्या, किंचित वरखाली सरकवून, एकीचा ठिपका भरीव, दुसरीचा पोकळ. खाली मोकळी जागा सोडून फरकाची पट्टी, तिच्या स्वतःच्या मापावर. खाली ओळ लिहिली : “जमिनीची खोली आणि लागवडीची तारीख धरली, की ठिबकच्या नावावरचे एकरी सुमारे ५ क्विंटल कमी होतात, भरवशाची पट्टी २ ते ८.”

पहिला प्रतिसाद :
खात्री मागे घेतो, भरवसाच योग्य. फक्त खालच्या भागातल्या शून्याच्या उभ्या रेषेवर ‘इथे फरक नाही’ अशी पाटी लिहा. नुसतं ० पाहून काही जण ‘उत्पादन शून्य’ असं वाचतील.