मदत हवी आहे: एसडीआर (सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ) प्रकल्पासाठी जीएनयू रेडिओवरच राहावे की सी++ मध्ये स्वतंत्र प्रोग्राम लिहावा?

नमस्कार. आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ-ग्राहक) वापरून एफएम केंद्रांचा आरडीएस संदेश, म्हणजे ध्वनीसोबत ५७ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर येणारे केंद्राचे नाव व मजकूर, स्वतः उलगडण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. जीक्यूआरएक्ससारख्या तयार प्रोग्राममध्ये ही सोय आहे हे मला ठाऊक आहे. परंतु आतली प्रक्रिया शिकायची असल्याने मी जीएनयू रेडिओ ३.१० या संकेत-प्रक्रियेच्या साधनात ब्लॉक (प्रक्रियेचे तयार घटक) जोडून फ्लोग्राफ, म्हणजे प्रक्रियेची आकृती, तयार केला. लॅपटॉपवर तो व्यवस्थित चालतो. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर मात्र टर्मिनलमध्ये इंग्रजी 'ओ' अक्षरांची रांग लागते, म्हणजे नमुने (संकेताच्या मोजलेल्या किमती) गळतात, आणि आरडीएसचा २६ बिटांचा जवळजवळ प्रत्येक खंड त्यातील १० तपासणी-बिटांच्या कसोटीवर नापास होतो.

सॅम्पलिंगचा दर सेकंदाला २४ लाख नमुने इतका आहे. त्यावर १० किलोहर्ट्झ संक्रमणपट्ट्याचा (सोडलेल्या व अडवलेल्या वारंवारतांमधील पट्टा) लो पास फिल्टर, म्हणजे फक्त कमी वारंवारता सोडणारी गाळणी, लावला असून दर त्यानंतरच्या वेगळ्या ब्लॉकमध्ये दहापट कमी केला आहे.

जीएनयू रेडिओतच राहून जड भागासाठी स्वतःचा सी++ ब्लॉक लिहावा, असा एक विचार आहे. त्यात आवृत्त्यांचा जाच फार वाटतो: २०१९ मधील ३.८ आवृत्तीपासून ब्लॉकांच्या व्याख्या एक्सएमएलऐवजी वायएएमएलमध्ये लिहाव्या लागतात, त्यामुळे त्याआधीची बाहेरची मॉड्यूल दुरुस्तीशिवाय चालत नाहीत, आणि शिकण्यासाठी सापडणारी बरीच उदाहरणे नेमकी त्याच काळातील असतात. दुसरा मार्ग म्हणजे लिक्विड-डीएसपी ही सी लायब्ररी घेऊन स्वतंत्र प्रोग्राम लिहिणे; पण तेथे प्रत्येक टप्प्यावरचा स्पेक्ट्रम डोळ्यांनी पाहण्याची सोय हातची जाते. (प्लूटो हे दुसरे एसडीआर उपकरण घेऊन त्यातील एफपीजीएवर (हवी तशी जोडणी करता येणाऱ्या चिपवर) काम करण्याचाही मोह झाला होता, परंतु त्याची अधिकृत मर्यादा ३२५ मेगाहर्ट्झपासून सुरू होते, म्हणजे एफएमचा पट्टाच हाती लागत नाही.) या दोहोंपैकी कोणत्या साधनावर वेळ घालवावा, याबद्दल अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

साधन बदलण्यापूर्वी आपला पहिला फिल्टर पाहावा. हॅमिंग विंडो (फिल्टर रचण्याची एक पद्धत) धरल्यास या दराला १० किलोहर्ट्झच्या संक्रमणपट्ट्यासाठी सुमारे ५८० गुणक (प्रत्येक उत्तरासाठी नमुन्यांना गुणायचे आकडे) लागतात, म्हणजे सेकंदाला सुमारे १३९ कोटी गुणाकार, आणि प्रत्येक नमुना आय व क्यू अशा दोन आकड्यांच्या जोडीचा असल्याने त्याच्याही दुप्पट. त्यानंतर आपण दहापैकी नऊ उत्तरे फेकून देता! लो पास फिल्टरच्या ब्लॉकमध्येच डेसिमेशनची (नमुन्यांचा दर घटवण्याची) चौकट असते; तेथे १० लिहिल्यास फेकायची उत्तरे मुळात काढलीच जात नाहीत. शिवाय १०० किलोहर्ट्झवर कापणाऱ्या फिल्टरला येथे ४० किलोहर्ट्झचा संक्रमणपट्टा पुरतो, त्यामुळे गुणकही चतुर्थांशावर येतात. हीच रचना आपण सी++ मध्ये उतरवली असती तर तेथेही रास्पबेरी पाय धापा टाकत बसला असता.

दुसरे असे की पायवर आलेखांच्या खिडक्या चालवू नयेत. मिनिटभराचे कच्चे नमुने फाइलमध्ये साठवावेत (प्रत्येकी दोन बाइट धरून २८८ मेगाबाइट होतात) आणि तीच फाइल दोन्ही यंत्रांवर चालवून उत्तरे ताडून पाहावीत. त्यामुळे दोष गणिताचा आहे की वेगाचा, हे लगेच कळते.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. डेसिमेशन फिल्टरमध्ये हलवले, संक्रमणपट्टा वाढवला आणि 'ओ' थांबले. केंद्राचे नावही दिसू लागले. त्यामुळे तूर्त जीएनयू रेडिओवरच राहतो. आता खंडांची जुळणी करणारा भाग तेवढा पायथनमध्ये आहे. सेकंदाला ११८७.५ बिट इतक्या मंद प्रवाहासाठी तो सी++ मध्ये नेण्याची काही गरज आहे का?

प्रतिसाद १

नाही. एवढ्या वेगाला पायथन पुरेसे आहे.