चर्चच्या पोरांसाठी पुस्तकं-सिनेमे-गाणी सुचवा (प्रवचन टाईप नको)

वास्कोची_ताई:
नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे नगरचे, मिस्टरांच्या नोकरीमुळे वास्कोत. आमच्या मराठी प्रार्थना ग्रुपमधली कॉलेजची पोरं दर महिन्याला एखादं पुस्तक, सिनेमा नाहीतर गाण्यांवर ख्रिस्ती नजरेतून अर्धं पान लिहितात, ते व्हॉट्सअॅपवर फिरतं. पण सगळे लेख एकाच साच्यातले, शिव्या किती, किसिंग सीन किती, शेवटी चांगला संदेश आहे, फॅमिलीसोबत बघा. अरे पण सिनेमा कसा आहे ते सांगा ना! आणि दुसरं टोक म्हणजे येशूचं नाव आलं की पाच स्टार, मग अॅक्टिंग कितीही भिकार असो. डोकं चालवायला लावेल असं काहीतरी सुचवा. मराठी, कोंकणी, सबटायटलवालं, सगळं चालेल.

म्हापशाचो_पोदेर:
ताई, व्हॅटिकनने १९९५ साली सिनेमाची शंभरी म्हणून ४५ सिनेमांची यादी काढलेली. धर्म, मूल्यं आणि कला, असे तीन भाग. त्यात 'गांधी' आहे, 'बायसिकल थीव्ह्ज' आहे, 'विझर्ड ऑफ ऑझ' पण आहे. आता बोला, रोमला चालतं आणि आमच्या वाड्यावर चालत नाही.

माझं मत 'द मिशन'ला (१९८६). त्यातला एक माणूस आदिवासींना पकडून गुलाम म्हणून विकणारा, रागात भावाला ठार मारतो, आणि प्रायश्चित्त म्हणून आपल्याच चिलखत-तलवारींचं गाठोडं दोराने ओढत धबधब्याशेजारचा कडा चढतो. चिखलात घसरतो, परत उठतो, दोर सोडत नाही. वर पोचल्यावर त्याच आदिवासींपैकी एक गुआरानी सुरी घेऊन येतो, गळ्याला लावतो, आपल्याला वाटतं संपला हा, आणि तो दोर कापून गाठोडं नदीत ढकलून देतो. एवढा दांडगा माणूस हुंदके देऊन रडायला लागतो. पोरांना एवढंच विचारा, वाटेत सोबतच्या एका पाद्र्याने दोर कापला तेव्हा हा खाली जाऊन गाठोडं परत का बांधून घेतो? यावर अर्धं पान लिहा म्हणावं. शिव्या मोजायला वेळच उरणार नाही.

फोंडेकर:
मी हिंदू, तरी नाक खुपसतो. गोव्यात बसून मराठीत ख्रिस्ती साहित्य शोधताय आणि फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' कोणी काढलं नाही? १६१६ साली इथेच रायतूरला छापलं, ते पण रोमन लिपीत. माणूस इंग्रज, जेजुइट संघाचा पाद्री, आणि अकरा हजाराच्या आसपास ओव्या मराठीत. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची पुराणं सुटली, त्या जागी काहीतरी हवं म्हणून लिहिलं. काना गावातल्या लग्नाचा प्रसंग घ्या, येशू पाण्याचा द्राक्षारस करतो तो, आणि मोठ्याने, ओवीच्या चालीत वाचा. मनातल्या मनात वाचलंत तर अर्धी मजा जाते.

मडगांवची_माय:
फोंडेकर बाब, ग्रंथ थोर आहे पण अठरा वर्षांचं पोर दुसऱ्या पानावर मोबाईल काढेल. फादर नेल्सन फाल्काव यांच्या आवृत्तीत सोपं गद्य सोबत आहे, ती द्या नाहीतर सोडा.

त्यापेक्षा लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. ताई तर नगरच्याच, घरात असेलच. नवरा, म्हणजे कवी रेव्हरंड टिळक, १८९५ला बाप्तिस्मा घेतो, बाई मोडून पडते, काही वर्षं वेगळी राहते आणि मग आपल्या विचाराने, आपल्या वेळेला तीही येते. यात नवऱ्याला कुठे देव्हाऱ्यात बसवलेलं नाही, त्याच्या लहरीपणावर ती खुशाल हसते आणि स्वतःच्या सोवळ्यावरही. साक्ष म्हणून चर्चमध्ये जे सांगतात ना, अंधार होता मग उजेड झाला, त्याच्या शेजारी हे ठेवा आणि पोरांना विचारा कोणतं खरं वाटतं.

बाकी एका गोष्टीवर माझं पटत नाही. शिव्या आणि सीन आहेत हे सांगण्यात वाईट काय? मी आई आहे, मला ती माहिती लागते. फक्त ती शेवटच्या ओळीत टाका, तिलाच परीक्षण म्हणू नका.

वास्कोची_ताई:
माय, शेवटच्या ओळीचं एकदम पटलं. गाण्यांचं काय पण? तिथे तर "खूप आशीर्वादित वाटलं" याच्या पुढे गाडी जात नाही.

कॉयरवालो:
गाण्याला माझी एक टेस्ट आहे. चाल बाजूला ठेवून नुसते शब्द वहीत उतरवून काढायचे आणि 'मी, मला, माझं' किती वेळा येतं ते बघायचं. हल्लीच्या वर्शिप गाण्यात देव कमी आणि गाणारा जास्त असतो, कीबोर्डमुळे ते कळत नाही. मग 'उपासना संगीत' या चर्चच्या गीतांच्या पुस्तकातलं रेव्हरंड टिळकांचं एखादं पद शेजारी घ्या. आणि ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत पोरांना आमच्याकडे मोटेट, म्हणजे येशूच्या दुःखाची गाणी, ऐकायला आणा, व्हायोलिन, क्लॅरिनेट, शब्द लॅटिन. एक अक्षर कळणार नाही, तरी का आवडलं ते लिहायला लावा. न आवडलं तर तेही लिहू दे, नायतर परीक्षण कसलं.

म्हापशाचो_पोदेर:
+१. ताई, 'सायलेन्स' (२०१६) पण ठेवा, पण पहिल्याच महिन्यात नको. पाद्री येशूच्या चित्रावर पाय ठेवतो, तुमचे पाळक मलाच शोधत येतील.

वास्कोची_ताई:
😄 मग 'द मिशन' आणि 'स्मृतिचित्रे' नक्की, बाकी पावसाळ्यात. पुस्तक मात्र नगरच्या घरी राहिलंय, इथे कुठे मिळेल?

फोंडेकर:
पणजीला पाटोवर सेंट्रल लायब्ररीत मराठी विभागात विचारा. आणि तिथे गेलातच तर ख्रिस्तपुराण पण हातात घेऊन बघा, मी सोडणार नाही 😀