मदत हवी आहे: दुव्यातला आकडा बदलला की परक्याची पावती उघडते, कळवायचं कसं?

धागाकर्ता: एका ऑनलाइन सेवेच्या पावतीच्या दुव्यात शेवटी अनुक्रमांक असतो. तो एकाने वाढवला की दुसऱ्या ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन दिसतो. लॉगिन लागतं, पण पावती कोणाची हे सर्व्हर तपासत नाही. तीन आकडे बदलून पाहिलेत. बग बाउंटी (त्रुटी कळवणाऱ्याला बक्षीस) योजना नाही. कळवायला गेलो आणि गुन्हा आपल्यावरच, असं व्हायला नको. स्क्रिप्टने शंभरेक पावत्या काढून पुरावा म्हणून जोडू का?

कुलूपकिल्ली: शंभर सोडा, चौथीही उघडू नका. हा आयडीओआर, म्हणजे नोंद कोणाची हे न तपासता नुसत्या क्रमांकावर ती उघडून देणारा दोष. तो सिद्ध करायला परकी पावती लागतच नाही. स्वतःची दोन खाती काढा, एकात लॉगिन करून दुसऱ्याच्या पावतीचा आकडा टाका. उघडली की पुरावा झाला.

२०१० चं एटी अँड टीचं आयपॅड प्रकरण असंच होतं. दुव्यातला सिमचा क्रमांक बदलत स्क्रिप्टने लाखाहून जास्त ईमेल पत्ते गोळा केले. पासवर्ड फोडावा लागलाच नाही. तरी २०१३ मध्ये एकाला ४१ महिन्यांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये अपिलात ती रद्द झाली, पण खटला चुकीच्या राज्यात चालवला म्हणून. ‘दार उघडंच होतं’ या बचावावर विसंबू नका.

टिंबटिंब: त्यांच्या साइटवर ‘डॉट वेल-नोन’ फोल्डरमध्ये ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ फाइल आहे का बघा. संपर्काचा पत्ता तिथे असतो, कधी पीजीपी की (पत्र कूटबद्ध करून पाठवायची किल्ली) पण. ग्राहकसेवेला तपशील पाठवू नका, तिकीट दहा जण वाचतात. फक्त सुरक्षा विभागाचा पत्ता मागा.

पत्रात दुवा, पायऱ्या, वेळ (टाइमझोनसकट), तुमचा आयपी आणि ‘तीन परक्या नोंदी दिसल्या’ हे सरळ लिहा. त्यांच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) ते आहेच, लपवलंत तर संशय वाढेल. आणि बक्षिसाचा विषय काढायचा नाही. ‘पैसे द्या, नाहीतर जाहीर करतो’ ही खंडणी, मग हेतू कितीही चांगला असो.

धागाकर्ता: आणि उत्तरच नाही आलं तर? ब्राउझरची हिस्टरी पुसून टाकू का?

कुलूपकिल्ली: हिस्टरी राहू द्या, नाहीतर पुरावा नष्ट केल्यासारखं दिसेल. परक्यांचे स्क्रीनशॉट असतील तर तेवढे पुसून टाका आणि पुसले असं पत्रात कळवा. उत्तर नाही आलं तर देशाच्या सर्टकडे (सायबर सुरक्षेच्या पथकाकडे) द्या. त्रुटी जाहीर करण्याआधी किती थांबायचं याचे संकेत वेगवेगळे आहेत: अमेरिकेतलं सर्ट-सीसी ४५ दिवस, गूगलचं त्रुटी शोधणारं पथक प्रोजेक्ट झीरो ९०. पण हे संकेत आहेत, कायद्याचं संरक्षण नव्हे; जाहीर करण्याआधी वकील गाठा. तोवर कंपनीचं नाव इथेही लिहू नका.