क्रिंप करणे : दाबणे, चेपणे की मुरड घालणे?

मंडळी, एका क्रियापदावर अडलेय, मदत हवीय. आमच्याकडे कंट्रोल पॅनल बनतात, वायरिंगला ज्या नवीन मुली येतात त्या बहुतेक आयटीआय करून आलेल्या असतात, आणि त्यांच्यासाठी क्रिंपिंगची पक्कड (वायरच्या टोकावर लग, म्हणजे जोडणीसाठीचा धातूचा तुकडा, पक्का बसवायची) कशी वापरायची याचा एक पानी कागद मी मराठीत लिहितेय. आधीच्या कागदात मीच लिहिलं होतं, "लगमध्ये वायर घालून पक्कड घट्ट दाबा." आता घट्ट म्हणजे किती? एका मुलीने पकडीचं सेटिंग एकेक खाच करत टाइट करत नेलं, कारण कागदात घट्ट लिहिलंय, आणि लग इतका चपटा झाला की आतल्या बारीक तारा तुटल्या. बाहेरून एकदम मजबूत दिसत होता, टेस्टिंगला वायर ओढली तर हातात आली. तिला बोलणी बसली आणि मला ते फार लागलं, कारण तिने कागदात लिहिलं होतं तेच केलं होतं.

बोलताना सगळे लग मार, थिंबल मार (थिंबल म्हणजे लगच), पंच कर असंच म्हणतात, क्रिंप या शब्दाशीही माझं काही भांडण नाही. पण सूचना लिहिताना असं क्रियापद हवंय ज्यात "इथपर्यंतच, पुढे नको" हे आपोआप येईल. सुचवा.

प्रतिसाद :
ताई, दाबणे हा शब्द इथे नकोच. दाबण्याला शेवट नाही, बटण दाबतात, उशी दाबतात, सोडलं की वस्तू परत पूर्वीसारखी. चेपणे त्यापेक्षा बरा. डबा चेपला म्हटलं की आकार बदलला आणि तो तसाच राहिला हे कळतं, आणि क्रिंपमध्ये नेमकं तेच होतं ना. अर्थात पाय पण चेपतात, पण त्याने कुणाचा गोंधळ होईल असं वाटत नाही.

प्रतिसाद :
मूळ इंग्रजी शब्दाचं नातं डच भाषेतल्या क्रिम्पनशी आहे, त्याचा अर्थ आक्रसणे, आखडणे. म्हणजे शब्दाच्या मुळाशी जोर नाहीच, वस्तू आक्रसून तिला चुण्या पडणं आहे. केसांना किंवा कापडाला क्रिंप म्हणतात ते त्यातूनच. तेव्हा मराठीत शोधायचं तर चुणी, निरी, मुरड या घरात शोधा.

प्रतिसाद :
मी वायरमन आहे, कामातलं सांगतो. मुंबईत लोहार चाळीत विजेच्या सामानाच्या दुकानात जाऊन थिंबल मागा, पुढचा प्रश्न साइजचाच येतो, इतका तो शब्द पक्का आहे. खरं तर थिंबल म्हणजे शिंप्याचा अंगुस्ताना, बोटावर चढवतात तसा हा वायरच्या टोकावर चढतो, म्हणून मला तो आवडतो. लग म्हणजे तिकडच्या स्कॉटिश बोलीत कान, आपण कढईला कान म्हणतो तसंच. पण ताई, तुमच्या कागदात क्रियापदाआधी रंग लिहा. लाल लग ०.५ ते १.५ स्क्वेअर एमएम, निळा १.५ ते २.५, पिवळा ४ ते ६. अडीचच्या निळ्या लगमध्ये पाऊणची वायर घातली तर कुठलंही क्रियापद वापरा, ती निसटणारच, आणि मग मुलं पक्कड टाइट करत बसतात. दुसरं, काहीजण तारांच्या टोकाला आधी सोल्डर लावून मग क्रिंप मारतात, ते अजिबात नको. सोल्डर मऊ, दाबाखाली हळूहळू सरकतं, आणि काही महिन्यांनी जॉइंट ढिला होऊन तापायला लागतो.

प्रतिसाद :
मुरडच! करंजी करणाऱ्या कुणालाही विचारा. कड थोडी दुमडायची, अंगठ्याने चेपायची, त्यावर पुढची दुमड. जोर जास्त झाला की पारी फाटून सारण बाहेर, कमी झाला की तेलात तोंड उघडतं. आईने मला शिकवताना दाब असं कधी म्हटलंच नाही, "मुरड घाल" म्हणायची, आणि किती ते बोटांना कळायचं. ताईंना जे हवंय ते सगळं या शब्दात आहे.

धागाकर्ती :
करंजीचं वाचून मी उठून ड्रॉवरमधले टर्मिनल, म्हणजे लगच, काढून बघितले. आमच्याकडे दोन प्रकार चालतात. एक बंद नळीचा, रंगीत बाहीवाला, त्याला चेपणे बरोबर बसतं. दुसरा उघडा, त्याला पुढे दोन आणि मागे दोन अशा पत्र्याच्या पाकळ्या असतात. चांगल्या पकडीत पुढच्या दोन पाकळ्या वर येऊन आत वळतात आणि त्यांची टोकं तारांच्या मधोमध उतरतात, ही खरोखर मुरड आहे हो, मागून बघितलं तर करंजीची कडच. मागच्या दोन पाकळ्या तारेला नाही, वरच्या प्लास्टिकला धरतात, त्यांनी नुसती मिठी मारायची, प्लास्टिक कापायचं नाही. आणि पुढच्या मुरडीत प्लास्टिक अजिबात शिरता कामा नये, तारांची टोकं समोरून जराशी बाहेर दिसली पाहिजेत.

म्हणजे दोन शब्द वापरते, नळीला चेपणे, पाकळ्यांना मुरड. आता राहिलं सेटिंग, ज्याने सगळा घोळ झाला.

प्रतिसाद (तोच वायरमन) :
तिथे घट्ट शब्द काढूनच टाका. रॅचेटवाली, म्हणजे कटकट करत दात्या-दात्याने मिटणारी, पक्कड पूर्ण मिटेपर्यंत उघडतच नाही, म्हणजे किती दाबायचं ते पक्कडच ठरवते, हाताने ठरवायचं नाही. "कटकट थांबून पक्कड आपोआप सुटेपर्यंत मिटा" असं लिहा. मिटा हा शब्द मुद्दाम सांगतोय, मिटण्याला शेवट असतो. मध्येच अडकली तर सोडवायची छोटी खिटी असते, ती ढकला आणि तो लग फेकून द्या, त्याच लगवर परत मारू नका. सेटिंगसाठी बहुतेक पकडीत मुठींच्या जोडाजवळ एक दातेरी चकती असते, तिला धरून ठेवणारा स्क्रू काढायचा, चकती एकच दात प्लसकडे किंवा मायनसकडे फिरवायची, स्क्रू परत लावायचा, मग नवीन तुकड्यावर एक लग मारून ओढून बघायचा. वायर निसटून आली तर सैल, तारा लगच्या तोंडाशी तुटल्या तर जास्त. हे काम रोज करायचं नाही, पक्कड झिजली की करायचं, आणि शक्यतो एकाच माणसाने.

धागाकर्ती :
दादा, मिटा हा शब्द मला सुचलाच नसता. आता कागदात असं लिहिलंय बघा : "वायरच्या मापाचा लग घ्या. तारा सरळ घाला, एकही बाहेर राहू देऊ नका. पक्कड आपोआप सुटेपर्यंत मिटा. वायर ओढून बघा. निसटली किंवा तुटली तर चकतीला हात लावू नका, सुपरवायझरला दाखवा." दातेरी चकतीला आमच्या मुली आत्ताच फुलचक्री म्हणायला लागल्यात, तोच शब्द ठेवू का?

प्रतिसाद :
ठेवा ताई. आणि तिच्याशेजारी चित्र काढा.