मदत हवी आहे: दोन कुत्र्यांसह कायमचं आरव्हीत (चाकांवरच्या घरात) राहणं आणि वर्ककॅम्पिंग

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळ राहतो, दोघंही अमेरिकन नागरिक. मुलं मार्गी लागली, आता घर विकून मार्चपासून फिफ्थ व्हीलमध्ये, म्हणजे पिकअप ट्रकला जोडून ओढायच्या आरव्हीत, राहायचं ठरवलंय. वर्ककॅम्पिंग म्हणजे कॅम्पग्राउंडवर (आरव्ही उभ्या करायच्या तळावर) काम करायचं, त्या बदल्यात जागा आणि वीज. सोबत राणी, ११ वर्षांची लॅब्रॅडॉर कुत्री, आणि दुसरा कुत्रा बंड्या, जो आमच्याशिवाय तासभरही शांत राहत नाही.

खरी काळजी त्यांचीच आहे. उन्हाळ्यात आम्ही कामावर असताना वीज गेली, एसी बंद पडला, तर आतली हवा बघता बघता तापते. तापमान मोबाइलवर कळवणारं यंत्र घेतोय, पण दोघंही लांब असलो तर नुसतं कळून काय उपयोग? म्हणून दोघांच्या पाळ्या वेगवेगळ्या मागाव्या असं मला वाटतं. कॅम्पग्राउंडवाले हे मान्य करतात का? आधीच लिहून घ्यावं का? नॉर्थ डाकोटात ऑक्टोबरमध्ये शुगर बीटच्या (साखरेसाठीच्या बीटच्या) काढणीचं काम असतं, पैसे बरे मिळतात, पण पाळी १२ तासांची. कुत्री असताना कुणी केलंय का?

राणीचे सांधे दुखतात, आरव्हीच्या जाळीच्या पायऱ्यांना ती घाबरते. उतार लावावा की पायऱ्याच बदलाव्या?

आणि कुत्र्यांचे डॉक्टर. हार्टवर्म (कुत्र्यांच्या हृदयात होणारे जंत) टाळायच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, रेबीजच्या लसीचा दाखलाही बऱ्याच ठिकाणी मागतात. सतत फिरताना तुम्ही हे कसं जमवता?

स्वतः असं राहिलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. घर अजून विकलेलं नाही, त्यामुळे ‘हे करू नका’ असं असेल तर तेही स्पष्ट सांगा.