नायसिन कच्च्या दुधाला का लागू पडत नाही

संकलन केंद्रावरचं कच्चं दूध टिकावं म्हणून त्यात नायसिन (जिवाणूंपासून मिळणारं एक अन्न-परिरक्षक) घालायचा सल्ला दिला जातो, पण त्याचा उपयोग फारसा नाही. नायसिन ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे बाहेरचा पडदा नसलेल्या जिवाणूंवर चालतं. गार कच्च्या दुधात माजतात ते स्यूडोमोनास गटातले जिवाणू. ते ग्रॅम-निगेटिव्ह, बाहेरच्या पडद्यामुळे नायसिन आत शिरतच नाही.

शीतकरण नसेल तिथे कोडेक्सने (आंतरराष्ट्रीय अन्न-मानकं ठरवणारी संस्था) १९९१ मध्ये सांगितलेली लॅक्टोपेरॉक्सिडेज पद्धत बरी. लॅक्टोपेरॉक्सिडेज हे दुधातलंच विकर (एन्झाइम), त्याला चालना देऊन जिवाणू थोपवायचे. धार काढल्यापासून २-३ तासांत, ४० लिटरच्या कॅनमध्ये आधी ०.५६ ग्रॅम सोडियम थायोसायनेट घालून मिनिटभर ढवळायचं. मग १.२ ग्रॅम सोडियम परकार्बोनेट (यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं), आणि पुन्हा २-३ मिनिटं नीट ढवळणं. ३० अंशाला ७-८ तास मिळतात, १५ अंशाला २४ च्या आसपास.

फसतं कुठे? परकार्बोनेटची पुडी दमट झाली की ऑक्सिजन उडालेला असतो. उकळलेल्या दुधात विकरच मेलेलं, तिथे काही होणार नाही. आणि अस्वच्छ कासेचं, आंबायला लागलेलं दूध यानं सुधारत नाही. जिवाणूंची वाढ फक्त थोपते, त्यामुळे पाश्चरीकरण टळत नाही.

आपल्याकडे मात्र दुधात पेरॉक्साइड सापडलं की सरळ भेसळ धरतात. म्हणजे इथे बल्क कूलरच (दूध गार ठेवायची मोठी टाकी), ४ अंशांना.